बोट उड्या मारतेय? फॉइलचा डबा अजून उघडू नका

या वेळचं पत्र मिनेसोटाहून आलंय. लांबलचक होतं, कामापुरतं देतो.

"दादा, मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं मिनेसोटात. मागच्या वर्षी शेजारच्या आजोबांकडून १९८८ ची १७ फुटी फायबरग्लासची स्की बोट घेतली, मागे ११५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन). बोट मीच चालवते, दोन मुली आणि त्यांच्या मैत्रिणी स्की करतात. त्रास असा की ताशी २५ मैलांच्या पुढे गेलं की बोटीचं पुढचं टोक वरखाली उड्या मारायला लागतं, म्हणून मी ट्रिम (इंजिनचा आत-बाहेर कल) पूर्ण आत ठेवते. स्टिअरिंग सतत उजवीकडे ओढतं, संध्याकाळी दंड भरून येतात. वळणावर, खास करून मागे स्कीअर असताना, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जागच्या जागी बसते. आजोबा म्हणायचे ४२ मैल पळते, मला जीपीएसवर ३३ च्या वर कधी दिसलं नाही आणि आरपीएम ४५०० ला अडकतो. प्रॉपेलरवर १९ पिच (न घसरता एका फेरीत इतके इंच पुढे) लिहिलंय. दोरी मागच्या उजव्या कडीला बांधतो. नवऱ्याने फॉइल मागवलंय, मित्र म्हणतो नवीन फोर-स्ट्रोक टाका, सासरे म्हणतात विकून टाका. काय करू?"

ताई, पहिला प्रश्न माझाच, फॉइलचा, म्हणजे बोटीचं पुढचं टोक खाली ठेवायला पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटला लावायच्या पंखांचा, डबा उघडला का? नसेल उघडला तर ठेवा तसाच गॅरेजमध्ये. इंजिनच्या प्लेटला चार भोकं पाडून झाली की ती बुजत नाहीत, आणि मला पत्र वाचून जे वाटतंय ते खरं असेल तर तुम्हाला फॉइल लागणारच नाही.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात पण मला त्या चार दिसत नाहीत. बघा हं, बोट उड्या मारते म्हणून तुम्ही ट्रिम आत दाबून ठेवता. ट्रिम आत दाबलं की उजव्या फिरकीच्या पंख्याची (प्रॉपेलरची) बोट उजवीकडे जास्त ओढते, हे सगळ्याच आउटबोर्डचं असतं, मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. म्हणजे दंड भरून येतात ते उड्या थांबवायच्या नादात. आणि ट्रिम आत म्हणजे नाळ, बोटीचं पुढचं टोक, पाण्यात रुतलेली, अर्धी बोट ओली, मग स्पीड कुठून येणार? एका दुखण्यावर तुम्ही जे औषध घेताय त्याचीच बाकीची दोन दुखणी झालीत. चौथं, ते वळणावरचं किंचाळणं, ते मात्र वेगळं असू शकतं, त्याच्याकडे नंतर येतो.

तर मूळ प्रश्न एवढाच राहिला की बोट उड्या का मारते. इकडे याला पॉरपॉइजिंग म्हणतात, पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा भाऊबंद, आमच्या देवबाग-तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन बघितले असतील तर नाव का पडलं ते सांगावं लागणार नाही. कारण सरळ आहे, बोट प्लेनवर आली, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून सरकायला लागली, की तळाचा फक्त मागचा भाग पाण्यावर टेकतो, आणि वजन त्या टेकूच्या फार मागे गेलं तर नाळ उचलली जाते, मग स्वतःच्या वजनाने आपटते, परत उचलली जाते, सी-सॉ चालू. ट्रिम जास्त बाहेर असेल तरी तेच होतं, पण तुमचं ट्रिम तर पूर्ण आत आहे! ट्रिम पूर्ण आत ठेवल्यावरच बोट गप्प बसत असेल तर एकतर मागे वजन जास्त आहे नाहीतर तळाचा आकार बिघडलाय.

आता तुमच्याच आकड्यांनी एक हिशोब करू, कारण यातून अर्ध्या शंका घरबसल्या संपतात. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १०५६, की पंखा अजिबात घसरला नसता तर किती मैल पळाली असती ते येतं. तुमच्या इंजिनचा रेशो मॅन्युअलमध्ये बघा, मी साधारण २ धरतो. ४५०० गुणिले १९ म्हणजे ८५५००, त्याला २११२ ने भागलं की साडेचाळीस मैल. प्रत्यक्षात ३३. म्हणजे साधारण साडेअठरा टक्के घसरण. १० ते २० टक्के घसरण अशा बोटींना चालते, तुमची वरच्या बाजूला आहे पण भयंकर नाही. यावरून काय कळलं? पंख्याच्या आतलं रबरी हब सुटलेलं नाही. हब सुटलं असतं तर आरपीएम वर गेला असता आणि स्पीड मिळालाच नसता, तुमचे तर दोन्ही खाली आहेत. म्हणजे इंजिन दमतंय. असल्या टू-स्ट्रोकने फुल थ्रॉटलला ५००० च्या वर जायला पाहिजे, नेमकी रेंज तुमच्या मॉडेलची बघून घ्या, आणि ४५०० ला अडकतंय म्हणजे एकतर इंजिनात दम नाही किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे. (जुन्या टॅकोमीटरच्या पाठीमागे एक छोटा सिलेक्टर असतो, तो चुकीच्या खुणेवर असला की काटा सरळ खोटं बोलतो, पहिल्यांदा तो बघा, फुकटचं काम आहे.) इंजिनचा दम बघायला कॉम्प्रेशन टेस्ट, गेज भाड्याने मिळतो, सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की इंजिनला तूर्त सोडून द्या.

मग राहतं ओझं. इथे मी जरा थांबून माझी फजिती सांगतो, कारण तुमचं पत्र वाचताना मला सारखी तीच आठवत होती.

मी विस्कॉन्सिनात आलो तेव्हा मला वाटायचं आउटबोर्डचं मला सगळं कळतं, देवबागला वडिलांच्या होडीवर लहानपण गेलेलं, आणि वर राहतो कुठे तर मिलवॉकीजवळ, जिथे ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आउटबोर्डचा कारखाना काढला. इतका माज. एक १९८६ ची १६ फुटी बोट घेतली, तुमच्यासारखीच उड्या मारायची. मी फॉइल लावलं, थोडा फरक पडला. मग पंखा बदलला, मग दुसरा पंखा. मग एका दुकानात इंजिन एक भोक वर चढवून घेतलं, त्यांनी बिल लावलं, बोट तशीच. तीन उन्हाळे गेले. चौथ्या वर्षी वडील इकडे आले होते, ते ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले, मागच्या कोपऱ्याला हात लावून उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, ही प्लास्टिकची ना, मग एवढी जड कशी, पाणी प्यायलीय का? मी हसलो, म्हटलं बाबा लाकडाची होडी पाणी पिते, ही फायबरची आहे. दुसऱ्या दिवशी हायवेच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्यावर घेऊन गेलो, खरं सांगायचं तर त्यांना गप्प करायलाच. माझा हिशोब होता बोट, इंजिन, ट्रेलर, पेट्रोल, बॅटरी सगळं धरून २२२० पाउंड. काटा म्हणाला २७८०. ५६० पाउंड जास्त, म्हणजे अडीचशे किलोच्या वर, जवळजवळ ६७ गॅलन पाणी मी तीन वर्षं तळाखाली घेऊन फिरत होतो आणि वरून फॉइल लावत होतो. वडील त्यावर काही बोलले नाहीत, फक्त घरी येईपर्यंत रेडिओ चालू ठेवला.

हे पाणी असतं कुठे, तर फ्लोअरच्या खाली. २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना इथे कायद्याने फ्लोटेशन लागतं, बोट भरली तरी बुडू नये म्हणून, आणि ते बहुतेक वेळा ओतलेला पिवळा फोम असतं. नवीन असताना तो पाणी धरत नाही. पण पस्तीस-चाळीस वर्षांत सीटच्या स्क्रूच्या भोकातून, फ्लोअरच्या कडेने, थेंब थेंब पाणी जातं, खाली निचरा नसतो, आणि तुमच्या मिनेसोटाच्या थंडीत दर हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, फोमच्या पेशी फोडतं, पुढच्या वर्षी अजून आत शिरतं. त्यात बोट ट्रेलरवर नाळ वर करून उभी असते, म्हणजे सगळं पाणी कुठे जमणार? मागे. बरोबर जिथे नको तिथे. आणि हे ऊन दाखवून वाळत नाही हो, मी एक अख्खा ऑगस्ट दोन पंखे लावून बघितलंय, घरातले पंखे.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं काम हे की काट्यावर जा. टाकी किती भरलीय ते लिहून ठेवा, पेट्रोल गॅलनला साधारण सहा पाउंड. कूलर, स्की, जॅकेटं काढून टाका. बोटीचं मूळ वजन जुन्या कॅटलॉगमध्ये मिळेल, इंजिनचं मॅन्युअलमध्ये, ट्रेलरचं त्याच्या पाटीवर किंवा कागदांत. शंभरेक पाउंडाचा फरक सोडून द्या, कॅटलॉगवाले जरा बारीक करूनच सांगतात. तीनशेच्या वर गेला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

काट्यावर जायच्या आधी पाण्यावर एक प्रयोग करता येतो, मला तो फार आवडतो कारण खर्च शून्य. पाच गॅलनचे चार कॅन पाण्याने भरा, प्रत्येकी चाळीस-बेचाळीस पाउंड, आणि डॅशबोर्डच्या पुढे जेवढे जातील तेवढे पुढे घट्ट बांधा. सकाळी लवकर, तळं काचेसारखं असताना, मागे कोणी स्कीअर नको, बोटीत तुम्ही आणि आकडे लिहायला एक जण, बस. ट्रिम थोडं थोडं बाहेर काढत जा. आधी २५ ला उड्या सुरू होत होत्या त्या आता ३० ला झाल्या किंवा झाल्याच नाहीत तर वजनाचंच दुखणं आहे. आणि कॅनच्या ऐवजी मुलींना पुढे बसवू नका, उडी मारणाऱ्या बोटीच्या टोकावर माणूस बसवायचा नसतो. काही फरकच पडला नाही तर मग तळ बघायचा. ट्रेलरखाली झोपून चार-पाच फुटी सरळ पट्टी तळाच्या मागच्या भागाला लांबीच्या दिशेने लावा, ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपासून, पुढे. पट्टीच्या मध्यात फट दिसली तर तळ आत गेलाय, याला हुक म्हणतात, त्याने नाळ उलट खाली दबते. पट्टी मध्यावर टेकून टोकं हलत असतील तर तळ बाहेर फुगलाय, त्याला रॉकर म्हणतात आणि तो उड्या मारायला लावतो. जुन्या बोटींत हे बरेचदा ट्रेलरमुळे होतं, बंक (ट्रेलरवरच्या आधाराच्या फळ्या) ट्रान्समपर्यंत पोचतच नाहीत आणि इंजिनचं सगळं वजन हवेत लटकतं, वर्षानुवर्षं. तुमचे बंक कुठे संपतात ते बघाच, ते लांब करणं एका दुपारचं काम आहे.

आता ट्रान्सम. खरं तर पहिलं हेच लिहायला हवं होतं, मी गोष्टीत वाहवलो. मागची जी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलंय, तिच्या फायबरच्या आत प्लायवूड असतं, आणि फोम ओला असेल तर ते प्लायवूड कोरडं असेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही. इंजिन अर्धं वर उचला, लोअर युनिट, म्हणजे खालचा पंख्याचा भाग, धरून वरखाली जोर द्या, आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. इंजिन आणि ट्रान्सम एकत्र हलले पण बोट हलली नाही, तर बोट पाण्यातच घालू नका. नुसतं इंजिन हलून ट्रान्सम स्थिर राहिला तर इंजिनची रबरी माउंट किंवा बुश गेलेत, ते बदलता येतात. मग प्लास्टिकच्या हातोड्याने आतून-बाहेरून ठोकत जा, चांगल्या लाकडाचा टणक आवाज येतो, कुजलेल्याचा भद्द. तरी शंका असेल तर आतल्या बाजूने, अगदी खाली, पाव इंची भोक पाडून भुसा बघा. पांढरट कोरडा आला तर भोक रेझिनने बुजवून टाका आणि चहा प्या. काळा ओला आला तर सासऱ्यांचं मत निदान ऐकून घ्या.

तुमच्या मित्राचा फोर-स्ट्रोकचा सल्ला मला इथेच खटकतो. जुन्या ११५ टू-स्ट्रोकपेक्षा आजची बरीच फोर-स्ट्रोक इंजिनं जड आहेत. तुमचं दुखणं मागचं वजन, आणि उपाय काय तर मागे अजून वजन, तेही ३५ वर्षांच्या प्लायवूडवर! इंजिन शांत होईल, पेट्रोल कमी खाईल, सगळं मान्य, पण उड्या अजून छान मारेल. बोटीच्या आत एक कपॅसिटी प्लेट असते, किती माणसं, किती पाउंड, किती हॉर्सपॉवर ते लिहिलेलं, ती वाचा. आणि हेही लक्षात घ्या की ते आकडे कोरड्या बोटीचे आहेत. फोमने पाचशे पाउंड पाणी धरलं असेल तर तेवढी माणसं बोटीत आधीच बसलेली आहेत असं समजा. मुलींच्या मैत्रिणी मोजताना हे विसरू नका.

स्टिअरिंगचं आता. ओढणं वेगळं आणि जड असणं वेगळं, पत्रात तुम्ही दोन्ही एकत्र केलंय असं वाटतं. इंजिन बंद, बोट ट्रेलरवर, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तिथेही जड असेल तर केबल नाहीतर टिल्ट ट्यूबमधलं (केबलचा दांडा जिच्यातून जातो ती नळी) ग्रीस वाळून दगड झालंय. कोणाचा दोष ते बघायला इंजिनला जोडणारी दांडी सोडवा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकला. इंजिन लोण्यासारखं फिरलं तर केबल गेली, नवीन घ्या, जुन्या केबलवर उपचार करत बसू नका. इंजिनच घट्ट असेल तर त्याच्या ग्रीस निपलमध्ये ताजं ग्रीस मारा. टिल्ट ट्यूबला ग्रीस मारताना केबलचा दांडा पूर्ण आत ओढलेला हवा, नाहीतर आत ग्रीसच कोंडतं आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चाक फिरवल्यावर इंजिन हलायच्या आधी किती मोकळं फिरतं तेही बघा. दोन-तीन इंच सैल असेल तर स्पीडला बोट या कडेवरून त्या कडेवर डुलायला लागते, ते उड्यांपेक्षा वाईट.

आणि ट्रेलरवर चाक हलकं असेल, फक्त पाण्यावर उजवीकडे ओढत असेल, तर इंजिनच्या प्लेटखाली, पंख्याच्या वरच्या बाजूला एक छोटं शेपूट असतं, ट्रिम टॅब, ते बघा. बोट उजवीकडे ओढते तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे वळवायचं. हो, उजवीकडेच, सगळ्यांना उलटं वाटतं. एकदम थोडं, मग बोट पळवून बघायची, मग परत थोडं. काही इंजिनांत हे शेपूट झिंकचं असतं, गंज स्वतःवर घेणारं, झिजून अर्धं झालेलं असेल तर नवीन घ्या, आणि आजोबांनी त्यावर रंग मारून ठेवला असेल तर बिचारं काहीच करत नसेल. पण हे सगळं ट्रिम नीट झाल्यावर हं. आत दाबलेल्या ट्रिमला टॅब जुळवलात तर ट्रिम बाहेर काढल्यावर बोट डावीकडे ओढेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल.

तोपर्यंत एक कळकळीने सांगतो, ट्रिम पूर्ण आत ठेवून ३० च्या स्पीडला झटक्यात वळू नका. नाळ रुतलेली असते, तीच सुकाणू होते आणि बोट अचानक गर्रकन फिरू शकते. ओढणाऱ्या स्टिअरिंगवरून हात तर एक सेकंदही काढायचा नाही. किल स्विचची, चालक पडला की इंजिन बंद करणारी, दोरी तुमच्या अंगाला लावता का? १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींत ती बसवलेली असेल तर प्लेनवर असताना लावणं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या, पाण्यात बंधनकारक आहे. जुन्या बोटीत नसेल तर कायदा सोडा, बसवून घ्या. मागे पाण्यात तुमची मुलगी आहे आणि तुम्ही बाहेर फेकल्या गेलात तर रिकामी बोट गोल गोल फिरत राहते, पंखा चालू.

राहिलं वळणावरचं किंचाळणं. हे व्हेंटिलेशन, पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळते, ओझं जातं, आरपीएम उडतो, बोट बसते. लोक याला सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात, ते वेगळं, सोडा. पहिल्यांदा इंजिनची उंची बघा, व्ही तळाच्या बोटीला ती आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असावी. त्याहून वर असेल तर एक भोक खाली घ्या, भोकं पाऊण पाऊण इंचावर असतात. पंख्याच्या पात्यांच्या कडा बोटाने चाचपा, एखादी दुमडलेली असेल तर दुरुस्तीला द्या. आणि एक असं कारण आहे जे कोणी बघत नाही, आजोबा मासे पकडायचे का? ट्रान्समवर फिश फाइंडरचा सेन्सर असेल, आणि तो पंख्याच्या अगदी समोर लावलेला असेल, तर त्याच्या मागे फेसाळलेलं पाणी थेट पंख्यात जातं. तो बाजूला, पंख्याच्या मध्यापासून निदान पंधरा इंच लांब सरकवा, जुनी स्क्रूची भोकं सीलंटने भरा, नाहीतर ट्रान्सममध्ये पाणी जायला अजून एक दार.

आणि दोरी. उजव्या कडीला का बांधता हो? स्कीअर मागे लटकला की बोटीचा उजवा कोपरा धरून ठेवल्यासारखं होतं आणि नाळ उजवीकडे वळते, म्हणजे आधीच ओढणारं स्टिअरिंग अजून ओढतं. दोन्ही कड्यांना जोडणारा ब्राइडल घ्या, मधे पुलीवर दोरी सरकते, ओढ मधोमध येते. खास इनबोर्ड स्की बोटींत खांब बोटीच्या मध्याजवळ असतो म्हणून स्कीअरने कितीही कापलं तरी त्या बोटी सरळ जातात, आउटबोर्डला ओढ शेपटीवर बसते, थोडं डुलणारच, तेवढं चालवून घ्या.

पंख्याबद्दल एवढंच, १९ पिच ही पळवायची बोट झाली, ओढायची नाही. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, तर १७ चा घेतलात तर तुम्ही ४८००-४९०० ला याल आणि स्कीअर पाण्यातून पटकन उठेल. पण तो आत्ता विकत घेऊ नका! बोटीचं वजन उतरलं तर १९ च बरोबर बसेल कदाचित. आजोबांचे ४२ मैल विसरा, जगातले अव्वल पुरुष स्लॅलम स्कीअर ताशी ५८ किलोमीटरला स्की करतात, म्हणजे ३६ मैल. तुमच्या मुली शिकताना १५ ते २० मैल पुष्कळ झाले. स्पीड तुम्हाला कमी पडतच नाहीये, उठायला ताकद कमी पडतेय. तुमच्याच राज्यात, लेक पेपिनवर, १९२२ मध्ये एका अठरा वर्षांच्या पोराने आठ फुटी फळ्या पायाला बांधून पहिल्यांदा पाण्यावर स्की केलं, राल्फ सॅम्युएलसन त्याचं नाव, त्याच्या बोटीला काय मोठा स्पीड असणार.

काट्यावर वजन जास्त निघालं तर पुढे काय, ते विचाराल म्हणून लिहितो. मागच्या सीटखाली होल सॉने एक इंची भोक पाडा, तळाचं फायबर फोडू नका, फोमचा तुकडा काढून पिळा. पाणी टपकलं तर फ्लोअर कापून फोम खणून काढायचा, दुसरा उपाय नाही. मी मागचा अर्धाच काढला, दोन वीकएंड, फावडं, मास्क, आणि शेजाऱ्यांच्या विचित्र नजरा. खालचे स्ट्रिंगर (तळाला लांबीने आधार देणाऱ्या पट्ट्या) कुजलेले निघाले तर काम तिप्पट होतं आणि तेव्हा बोट ठेवायची की नाही हा प्रश्न खरा होतो. फोम काढून तसंच रिकामं ठेवू नका, नवीन ओता, आणि या वेळी मधून पाणी मागे वाहायला एक नाली सोडा. हे काम सप्टेंबरनंतरचं. आत्ता जुलै आहे, आत्ता बॅटरी आणि कूलर पुढे आणा, ब्राइडल लावा, सेन्सर सरकवा, मागच्या सीटवर दोनच मुली बसवा आणि ट्रान्सम पास झाला असेल तर सीझन काढा.

काट्याची पावती आली की आकडा कळवा, सोबत ट्रान्समच्या भुशाचा रंग. आणि नवऱ्याला सांगा फॉइल परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघून ठेवायला.